पिल्लाचं पोट आणि मांजरीच्या ताटलीचा इतिहास

पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांसोबत आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मांजरीची पिल्लं. कुणाच्या माळ्यावर चार झालेली असतात, कुणाच्या गोठ्यात तीन. लेकरं त्यातलं एखादं उचलून घरात आणतात, वाटीत दूध ओततात, वर चहातलं बिस्कीट कुस्करतात. दोन दिवसांत पिल्लाला पातळ व्हायला लागतं, शेपटीखाली सगळं चिकट होतं आणि मग प्रश्न येतो: ताई, याला काय द्यावं? स्वस्तात होईल असं सांगा.

उत्तर अवघड नाही, पुढे नीट सांगतोच. पण आम्हाला वाटतं, आधी एक गोष्ट विचारायला हवी. मांजर म्हटलं की आपला हात दुधाच्या पातेल्याकडेच का जातो?

ही सवय आजची नाही, हे आपल्या म्हणीच सांगतात. शिंक्याचं तुटलं, बोक्याचं फावलं. मांजर डोळे मिटून दूध पिते. पण या म्हणी जरा कान देऊन ऐका. दोन्हींत मांजर चोर आहे. दूध-लोणी शिंक्यावर टांगून ठेवायचं ते मांजरीपासून वाचवायला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या मांजरीला दूध वाढत नव्हत्या, तिच्यापासून लपवत होत्या. वाटीभर दूध रोज मांजरीला घालण्याइतकं दूध किती घरांत होतं? साधूच्या लंगोटीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून साधूने मांजर पाळली, मांजरीला दूध हवं म्हणून गाय आणली, गाईला चारा हवा म्हणून शेत केलं, आणि बघता बघता तो संसारी होऊन बसला. ही गोष्ट सांगणाऱ्याला हिशोब चांगला कळत होता. मांजर दुधावर पोसायची तर ती महागात पडते.

मग ती जगत कशावर होती? सरळ उत्तर आहे, उंदरांवर. मांजर माणसाजवळ आली तीच धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एका माणसाचं दफन सापडलं. त्याच्या शेजारीच एक मांजर पुरलेली होती. २००४ साली ही गोष्ट जगापुढे आली. त्या बेटावर मूळची मांजर नव्हतीच, म्हणजे कुणीतरी ती होडीत घालून नेली होती.

आपल्याकडेही तेच. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत ज्वारी कणगीत असायची, मोठ्या घरी जमिनीतल्या पेवात. गोठ्यात कडबा, सपरीत कापूस, तुरीच्या शेंगा. उंदरांना याहून चांगलं गाव कुठे मिळणार? आणि मांजरीलाही. तिला घरून मिळायचा तो भाकरीचा तुकडा, ताकाचा घोट, मासे आणले तर डोकं. म्हणजे तोंडी लावणं. खरं जेवण ती रात्री स्वतः करून यायची. उंदराच्या एका शरीरात मांस, काळीज, हाडं, पाणी सगळं असतं. मांजरीच्या पोटासाठी इतकं नेमकं ताट आजवर कुठल्या कंपनीला जमलेलं नाही.

या मांजरीचं मोल एकदा सरकारदरबारीही झालं, आणि ते आपल्या भागात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कितीतरी वर्षं तो गावोगाव फिरत राहिला. सावित्रीबाई फुले गेल्या त्या याच साथीत, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता, १० मार्च १८९७ रोजी. वऱ्हाडालाही प्लेगने सोडलं नाही. घरात उंदीर मरून पडायला लागले की माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायची. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली मांडलं. पण ते सगळ्यांना पटायला बरीच वर्षं गेली.

१९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत, १९०५ मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं. त्याच काळात या मुलखात अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे इंग्रज सरकारचे लष्करी डॉक्टर नोकरीला होते. त्यांच्या डोक्यात साधा प्रश्न आला. कुठे प्लेग घरटी माणसं नेतो आणि कुठे हलकाच जातो, असं का? त्यांनी मांजरी मोजायला लावल्या. हो, मांजरींची शिरगणती! ज्या गावात घरोघरी मांजरी जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांना दिसलं. १९०८ साली त्यांनी हे इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आणलं. लेखाचं नावच ‘प्लेग रोखणाऱ्या मांजरी’ अशा अर्थाचं होतं. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख हेसुद्धा त्याच सुमारास उंदरांवर उपाय म्हणून मांजरी पाळा, असं सांगत होते.

आज कुणी डॉक्टर प्लेगवर मांजर सांगणार नाही. मांजरीला स्वतःलाही प्लेग होऊ शकतो, हे आता माहीत आहे. आणि जिथे मांजरी जास्त तिथे प्लेग कमी असण्याला दुसरंही कारण असू शकतं. पण आमचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर गेलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडातल्या मांजरी कुणीतरी घरं धरून मोजाव्यात इतक्या कामाच्या होत्या. आणि ते काम त्यांच्याकडून कुणी दुधाच्या पगारावर करून घेतलं नव्हतं.

आता आपली घरं बघा. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, ते काढलं की थेट बाजारात जातं. खायचं धान्य रेशनचं किंवा किराण्याचं, पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकून ठेवलेलं. घर सिमेंटचं. उंदीर उरले ते आपण विषाच्या गोळ्या ठेवून मारतो, आणि ते विषारी उंदीर खाऊन मांजरीही मरतात. म्हणजे मांजरीचं जेवण गेलं, फक्त तोंडी लावणं राहिलं. उलट दूध आता पिशवीत, दहा रुपयांतही मिळायला लागलं. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा आपल्या जिल्ह्यासह सहा जिल्ह्यांत दुभत्या गाई वाटल्या होत्या. त्यातल्या कितीतरी गाईंना खाऊ काय घालायचं, हाच प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. साधूची गोष्ट आम्हाला तेव्हाही आठवली होती.

तर दुधाचं काय होतं ते बघू. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लू आईला पितं तोवर दुधातली साखर पचवायची ताकद त्याच्या आतड्यात असते. आई तोडायला लागली, पिल्लू खायला लागलं की ती ताकद कमी होत जाते. मग गाई-म्हशीच्या दुधातली साखर न पचता तशीच पुढे जाते, आतड्यात पाणी ओढून घेते, तिथे आंबते. वास मारणारं पातळ होतं ते त्यामुळे. शेळीच्या दुधानेही फारसा फरक पडत नाही, त्यातही ती साखर असतेच. बिस्किटात मैदा आणि साखर, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

शहरातल्या मांजरींपुढे हा जेवणाचा प्रश्न आपल्याआधी उभा राहिला. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात घोड्याचं मांस काडीला टोचून दारोदार विकणारे फेरीवाले होते. ते खास कुत्र्या-मांजरांसाठी यायचे, आणि गल्लीतल्या मांजरी त्यांचा आवाज ओळखून दाराशी जमायच्या. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या माणसाने तिथेच कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. तयार खाद्याचा धंदा सुरू झाला तो असा, आधी कुत्र्यांसाठी. मांजर ही जणू लहान कुत्रीच आहे, असं समजून बराच काळ काम चाललं.

ती तशी नाही हे कळायला मांजरींना डोळे द्यावे लागले. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की प्रथिन म्हणून फक्त दुधातलं केसीन खाऊ घातलेल्या मांजरींच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो. कारण टॉरिन नावाचा एक घटक. तो मांसात, माशात, काळजात असतो, धान्य-डाळीत नसतो, दुधात नगण्य असतो. आपलं शरीर तो तयार करतं, कुत्र्याचंही बहुतेक करतं, मांजरीचं पुरेसा करत नाही. १९८७ साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढची गोष्ट उघड केली: टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय मोठं आणि दुबळं होतं, आणि टॉरिन दिलं तर ते बरंही होऊ शकतं. तोवर बाजारातलं बरंच तयार खाद्यसुद्धा यात कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगायचं? कारण दोन सल्ले गावात सर्रास ऐकू येतात. एक, मांजर काय, दूध-भाकरीवर जगते. दुसरा नवीन आहे: कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं, तेच टाका. दोन्हींत मांजरीच्या डोळ्यांचा आणि हृदयाचा सौदा आहे.

आता पोट बिघडलेल्या पिल्लाकडे येऊ. आमच्या गटातल्या एका ताईंकडे अंदाजे दोन महिन्यांचं पिल्लू होतं, पातळ होत होतं पण खेळत होतं, खायला मागत होतं. अशा पिल्लासाठी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं, तेच इथे देतो.

दूध पहिल्यांदा बंद. पाणी मात्र भरपूर, उकळून गार केलेलं, वाटी दिवसातून दोन-तीनदा बदलायची. मोठ्या माणसाला जुलाब झाले की आपण लंघन सांगतो, ते पिल्लाला अजिबात चालत नाही. त्याच्या अंगात साठा नसतो, उपाशी ठेवलं तर साखर उतरून ते गळून पडतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यायचं. काय द्यायचं, तर कोंबडीचं उकडलेलं मांस, कातडी आणि हाड काढून, बोटाने बारीक रेषा सोडवून. मीठ नाही, हळद-तिखट नाही, तेल नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने मांजरीचं रक्त कमी होतं. म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. हवं तर चमचाभर मऊ भात त्यात कुस्करा. एका वेळी चहाचे दोन-तीन चमचे पुरे.

खर्चाचं बोलू. आपल्यापैकी अनेकींकडे फ्रीज नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात उकडलेलं मांस दुपारपर्यंत टिकत नाही. अशा घरात अंडं सगळ्यात परवडतं. पूर्ण उकडलेलं, कुस्करलेलं, एक अंडं दोन-तीन वेळा मिळून. कच्चं नको. परसात कोंबड्या असतील तर पैसा लागतच नाही. कोंबडी आणलीच तर घरच्यांच्या वाट्यातून चार तुकडे फोडणीआधी बाजूला काढून उकडा, वेगळी खरेदी कशाला? त्यात कलेजीचा नखाएवढा तुकडा चालतो, रोज आणि जास्त नको. नदीचा ताजा मासा उकडून, काटे नीट काढून देता येतो. आठवडी बाजारातली सुकट स्वस्त दिसते, पण तिच्यात मीठ फार. बिघडलेल्या पोटाला ती नकोच.

ताटली कोणती, हेही सांगावंच लागतं. २०१७ साली फवारणीच्या विषाने आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली, तरी औषधाच्या रिकाम्या डब्याचं झाकण मांजरीपुढे ठेवलेलं आम्ही अजून बघतो. घरातली जुनी स्टीलची वाटी द्या, रोज घासा.

असं साधं खाणं दोन ते चार दिवसच. फरक पडला की हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणायचं, आठवडाभर घेऊन. नुसतं उकडलेलं मांस महिनोन्‌महिने दिलं तर पिल्लाची हाडं कच्ची राहतात, कारण त्यात कॅल्शियम नाही. उंदीर हाडासकट खाल्ला जायचा, तिथे ते मिळायचं. म्हणून परवडत असेल तर पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य रोज थोडं असावं. घेताना पाकिटावर बघा: मांजरीचंच आहे ना, पिल्लासाठी आहे ना, ‘पूर्ण आहार’ लिहिलंय ना, टॉरिनचा उल्लेख आहे ना, तारीख उलटली नाही ना. ओल्या खाद्याचं छोटं पाकीट चवीला पिल्लांना आवडतं, पण एका पाकिटाच्या पैशात चार-पाच अंडी येतात. कोरडं खाद्य पाण्यात भिजवलं तर तेच काम होतं, आणि एक किलोची पिशवी लहान पिल्लाला बरेच दिवस पुरते. दुकानात पोत्यातून सुटं मोजून देतात ते स्वस्त असतं, पण ते किती दिवस उघडं आहे, कुणाचं आहे, काही कळत नाही. पोट नुकतंच बिघडलेल्या पिल्लावर तो प्रयोग नको. दोघी-तिघींनी मिळून बंद पिशवी घ्यावी आणि झाकणाच्या डब्यांत वाटून ठेवावी. गटात तेल-साखर आणतो तसंच.

आणि खाणं बदलूनही थांबलं नाही तर दोष खाण्याचा नाही. पिल्लांना जंत आईच्या दुधातूनही येतात. पोट नगाऱ्यासारखं, अंग मात्र काटकुळं, असं दिसलं की जंतच समजा. जंताचं औषध स्वस्त असतं, पण ते वजनावर देतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. घरातली माणसांची जुलाबाची गोळी देऊ नका. तापाची पॅरासिटामॉल तर मांजरीला विषच आहे, अर्धी गोळीही जीव घेते.

काही खुणा दिसल्या तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. विष्ठेत रक्त आहे, उलट्या होतात, पिल्लू कोपऱ्यात गपगार बसलंय, अर्धा दिवस तोंडाला काही लावत नाही. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी गेलंय. हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या तरी तेच. मांजरींमध्ये एक साथीचा रोग असतो, त्यात जुलाब-उलट्या होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. सहा-आठ आठवड्यांपासून त्याची लस टोचता येते, तालुक्याला जाल तेव्हा चौकशी करा. आणि डोळे नुकते उघडलेलं, महिन्याच्या आतलं पिल्लू असेल तर वरचं काहीच त्याला लागू नाही. त्याला आईच हवी. आई नसेल तर पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती डॉक्टर सांगतील तशी कोमट करून, पिल्लाला पोटावर ठेवून पाजायची, उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं.

त्या ताईंच्या पिल्लाला तिसऱ्या दिवशी घट्ट झाली. त्यांच्या सासूबाईंना मात्र अंडं मांजरीला घालणं काही पटेना. घरच्या लेकराच्या तोंडचं अंडं, असं त्या म्हणत होत्या, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मग ताईंनी वहीत मांडून दाखवलं: रोजची दहा रुपयांची दुधाची पिशवी, जी पिल्लाला लागत होती आणि बाहेर येत होती, ती बंद केली, त्या जागी एक अंडं. तीन-चार रुपये उलट वाचत होते. सासूबाई बघून म्हणाल्या, आमच्या वेळी कणगीत उंदीर होते, तेव्हा ही वही लागत नव्हती.